फ्लाय नदीत सुटते? आधी धागा जाळून पाहा

फ्लाय म्हणजे ट्राउट माशाला भुलवायला गळावर धागा आणि पिसं बांधून केलेला नकली किडा. घरी व्हाइसमध्ये, म्हणजे गळ पकडून ठेवणाऱ्या चापात, असताना ती अगदी घट्ट असते. नखाने ढकलली तरी हलत नाही. तीच हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या पाण्यात तासभर फिरली, एखादा मासा लागून सुटला, की अंग गळाच्या दांडीभोवती गोल फिरायला लागतं, हॅकल, म्हणजे दांडीभोवती गुंडाळलेलं पीस, नेढ्याकडे (गळाच्या दोरी ओवायच्या भोकाकडे) कलंडतं आणि डोक्याचे वेढे एकेक करून सैल होतात. मुंबईत जुन्या पद्धतीच्या, रेशमाच्या ट्राउट फ्लाय बांधणाऱ्यांकडून ही तक्रार दरवर्षी ऐकू येते, आणि बहुतेकदा ऑक्टोबरातच. पावसाळ्यात कुठे जाता येत नाही म्हणून मंडळी घरी बसून बांधतात. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते. त्यामुळे पावसाचं गढूळ पाणी निवळल्यावर हाताशी थोडेच दिवस उरतात आणि सगळे तेव्हाच धावतात. जून ते सप्टेंबरमधली सगळी कारागिरी एकाच आठवड्यात नापास होते.

मग गाठीवर राग निघतो. व्हिप फिनिशला, म्हणजे डोक्यावरच्या शेवटच्या गाठीला, तीनाऐवजी सात वेढे दिले जातात, डोकं हरभऱ्याएवढं होतं, वर वार्निशचा अख्खा थेंब. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गाठ बदलून काही होत नाही, कारण माझ्या पाहण्यातल्या अशा फ्लायपैकी बहुतेकींमध्ये गाठ व्यवस्थित होती आणि धागा रेशमाचा नव्हता.

आधी लक्षण नीट पाहा

सुटलेली फ्लाय टाकून देऊ नका, तिच्यातच उत्तर आहे. गळाचं वळण चिमट्यात धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या नखाने अंग बाजूला ढकला. अंग आणि हॅकल दोन्ही एकत्र फिरत असतील तर पायाच कच्चा आहे. म्हणजे धागा, मेण किंवा गळाचा पृष्ठभाग. अंग जागेवर आहे आणि फक्त हॅकल सैल आहे, तर पिसाचा देठ निसटलाय किंवा माशाच्या दातांनी तुटलाय. ब्राउन ट्राउटच्या टाळूवरही दात असतात, त्यामुळे देठ तुटणं ही काही नवलाची गोष्ट नाही. अंग, हॅकल दोन्ही ठीक आणि डोकंच उलगडलंय, तर वार्निश आणि शेवटची गाठ तपासायची.

तपासणी फ्लाय ओली असताना करायची, हे महत्त्वाचं. वाळलेली फ्लाय बऱ्याचदा पुन्हा घट्ट वाटते आणि माणूस फसतो. पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी नख लावा.

धागा

बांगड्या आणि झुमके करण्यासाठी 'सिल्क थ्रेड' म्हणून जी चकचकीत रिळं मिळतात, त्यांतली बरीचशी व्हिस्कोस रेयॉनची किंवा पॉलिएस्टरची असतात. दुकानदार फसवतोच असं नाही. त्या धंद्यात 'सिल्क' म्हणजे चमक. बांगडीला ती चालते, कारण बांगडी कुणी दिवसभर पाण्यात बुडवून ताणत नाही. फ्लायचं काम मात्र तेच आहे.

व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून बनतं. पाणी प्यायलं की ते फुगतं आणि कोरड्या स्थितीतल्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास येतं. शिवाय ओलं असताना ते ताणलं जातं आणि ताण गेल्यावर पूर्वीच्या लांबीवर पुरतं येत नाही. तुम्ही व्हाइसवर कोरडा धागा ताणून घट्ट वेढे दिलेले असतात. नदीत तो भिजतो, मासा ओढतो, वेढे लांबतात, आणि मग दांडीभोवती घट्ट बसलेली कडी उरतच नाही. खरं रेशीमही ओलं झाल्यावर थोडं कमजोर होतं, पण साधारण १५ ते २० टक्के. वेढ्यांची पकड टिकवायला तेवढी घट परवडते.

ओळखायचं कसं? बिनमेणाचा बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाणी घातलेली स्टीलची ताटली ठेवा आणि काडीपेटीची ज्योत टोकाला लावा. स्पिरिटची बाटली त्या टेबलावर नको, हे सांगायला लागू नये. रेशीम ज्योतीपासून आकसतं, हळू जळतं आणि ज्योत बाजूला केली की बहुधा विझतं. वास जळलेल्या केसांचा येतो. टोकाला काळा मणी राहतो, तो बोटांत दाबला की त्याची पूड होते. व्हिस्कोस भसकन पेटतं, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ, राखाडी राख उरते, मणी नाही. पॉलिएस्टर वितळून गोळा होतं, काळा धूर सोडतं आणि गार झालेला मणी टणक असतो, बोटांनी फुटत नाही.

घरात धूर नको असेल तर दुसरी चाचणी. वीतभर धागा कोरडा तोडून पाहा, मग त्याच रिळाचा दुसरा तुकडा पाण्यात दहा मिनिटं भिजवून तोडा. व्हिस्कोस असेल तर दुसऱ्या वेळी हाताला काही जोरच लावावा लागत नाही.

पॉलिएस्टरबद्दल एक सांगून टाकतो. फक्त मासे धरायचेत, जुन्या पद्धतीची हौस नाही, तर पॉलिएस्टरचा बारीक फ्लाय-टायिंग धागा घ्या, पाण्यात तो कमजोर होत नाही, आणि ही पोस्ट इथेच सोडा. पण 'पार्ट्रिज अँड ऑरेंज'सारख्या फ्लायचं अंग म्हणजे नुसता धागाच असतो. ओलं झालं की रेशीम गडद आणि किंचित पारदर्शक होतं, आतली दांडी त्यातून जाणवते, आणि नारिंगी रंग लालसर तपकिरीकडे झुकतो. पॉलिएस्टर पाण्यात आहे तसंच नारिंगी राहतं. त्या फ्लायची सगळी गंमत या बदलण्यात आहे, निदान मला तरी तसं वाटतं.

खरं रेशीम मुंबईत मिळवायचे दोन रस्ते आहेत. पहिला, शिंप्याकडचं कात्रण. शुद्ध रेशमाच्या साडीच्या ब्लाउजपीसमधून उरलेली आडवी पट्टी मागून घ्या. तिच्या कडेने आडवा धागा, म्हणजे बाणा, सुईने उचकटून सावकाश ओढला की पट्टी जेवढी रुंद तेवढा अखंड धागा हाती येतो. पूर्ण पन्ह्याची पट्टी असेल तर मीटरभर. बाण्याला पीळ कमी असतो, त्यामुळे तो दांडीवर सपाट बसतो, आणि आपल्याला हवं ते हेच. जुन्या पद्धतीत बॉबिन, म्हणजे बांधताना रीळ धरायचं साधन, नसायचीच. हातभर धागा कापून, मेण लावून बांधायचे, त्यामुळे तुकडे लहान असल्याचं काही अडत नाही. मात्र आजीच्या जुन्या शालूच्या वाटेला जाऊ नका. एक तर घरात भांडण होईल, आणि दुसरं म्हणजे घाम आणि उजेड खाऊन जुनं रेशीम कुजतं. ओढताच तटकन तुटतं. नव्या कापडाचं कात्रणही आधी जाळून पाहायचंच, कारण 'सिल्क' साड्यांतही आर्ट सिल्क, म्हणजे नकली रेशीम, कमी नाही.

दुसरा रस्ता प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सर्जिकल सामानाच्या दुकानांचा. जखम शिवायला वापरतात ते विणलेलं काळं सिल्क खरंखुरं रेशीम असतं. त्यातलं ६-० मापाचं सिल्क एक दशांश मिलिमीटरपेक्षा बारीक असतं आणि चौदा नंबरच्या गळाला छान जमतं. काळ्या स्पायडरसाठी, म्हणजे मऊ, विरळ हॅकलच्या साध्या फ्लायसाठी, उत्तम, पण रंग एकच आणि भाव सोन्याचा.

मेण

धागा खरा निघाला आणि तरी अंग फिरतंय, तर मेण बघायचं. जुने बांधणारे मेणाशिवाय रेशमाला हात लावत नसत. मेणामुळे वेढा दांडीला आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो, आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. रंगही त्यानेच ठरतो. १८५४ साली ट्वीड नदीकाठच्या स्प्रूस्टन गावच्या जेम्स राइटने कॅनन विल्यम ग्रीनवेल यांच्यासाठी जी फ्लाय बांधली आणि पुढे 'ग्रीनवेल्स ग्लोरी' म्हणून गाजली, तिचं अंग पिवळ्या रेशमाचं असतं. पण चांभारी मेण लावल्यावर ते पिवळं राहतच नाही, ऑलिव्ह होतं. आपल्याकडे पुष्कळजण साहित्याच्या यादीत 'पिवळं रेशीम' वाचून कोरं पिवळं रेशीम वापरतात आणि मग म्हणतात, फोटोतल्यासारखी दिसत नाही.

मुंबईची अडचण हवामानाची. थंड देशातल्या मापाने केलेलं मेण इथे मे महिन्यात बोटांना लडबडतं, धाग्यावर गोळे करतं. तेच एसी खोलीत ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात. बरेच जण देवघरातली मेणबत्ती धाग्यावर घासतात. ती पॅराफिनची असते. गुळगुळीत, चिकटपणा शून्य. तिने धागा उलट जास्त निसटतो. नुसतं मधमाशीचं मेणही पुरत नाही, पकड येते ती राळेने.

राळ म्हणजे सोल्डरिंगला लागते ती, लॅमिंग्टन रोडवर तिचे खडे मिळतात. तिथे बिरोजा म्हणतात. वजनाने चार भाग राळ, एक भाग मधमाशीचं मेण आणि एरंडेल तेलाचे काही थेंब. पातेल्यातल्या गरम पाण्यात स्टीलची वाटी ठेवून आधी मेण वितळवा, ते साधारण ६२ ते ६४ अंशांना पातळ होतं. मग कुटलेली राळ थोडी थोडी घाला. राळ मऊ व्हायला वेळ लावते, घाई करून वाटी थेट गॅसवर ठेवू नका. राळेची वाफ घशाला लागते आणि पेटतेही. खिडकी उघडी असू द्या. एकजीव झालं की गार पाण्यात ओता आणि ओल्या बोटांनी, रेवडीचा पाक ओढतात तसं, दुमडून दुमडून ओढत राहा. रंग फिका होत जातो, आणि सुपारीएवढ्या गोळ्या करून ठेवता येतात.

इथे एरंडेल तेलच खरा लगाम आहे. उन्हाळ्यासाठीच्या गोळ्यांत ते जवळजवळ नको. थंडीसाठी किंवा एसीत बसून बांधणार असाल तर आणखी दोन-चार थेंब. दोन वेगळ्या डब्या करून ठेवणं सोपं.

मेण बरोबर लागलंय का, हे कळायला सोपी खूण आहे. गोळी बोटांत जरा गरम करा, धागा तिच्यातून एकदा झर्रकन ओढा. मग दांडीवर तीन वेढे द्या आणि हात सोडून द्या. वेढे जागच्या जागी राहिले तर मेण ठीक. सैल होऊन सुटले तर मेण कोरडं आहे. बोटाला तार सुटत असेल तर फार मऊ आहे.

गळावरचं तेल

हे कारण खास किनाऱ्यावरच्या शहरांचं. खारी हवा, त्यात पावसाळा, म्हणून गळ गंजू नयेत यासाठी लोक डबीत शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेलाचे थेंब टाकतात. गंज टळतो, आणि त्याच तेलकट दांडीवर मग फ्लाय बांधली जाते. तेलावर राळेचं मेण पकडतच नाही. बांधण्याआधी दांडी स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि पुसल्यावर बोट लावू नका. गंजासाठी तेलाऐवजी डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. त्या दमट झाल्या की मंद आचेवर तव्यावर वाळवून पुन्हा वापरता येतात.

आणि पाया. नेढ्याच्या मागून वळणापर्यंत एकाला एक चिकटून वेढे द्यायचेच. पायाचे वेढे वाचवून सरळ अंग गुंडाळायला घेतलं तर धागा कुठलाही असो, ते फिरणार.

पिसं

अंग पक्कं आणि फक्त हॅकल सुटत असेल तर पिसं कुठून आणली ते पाहा. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापला जातो, त्याच्या मानेवर कामाची पिसं आलेलीच नसतात. गावठी कोंबड्याची मान लागते, आणि नॉर्थ कंट्री स्पायडरसारख्या मऊ हॅकलच्या फ्लायसाठी गावठी कोंबडीची ठिपकेदार पिसं. कोंबडीवाल्याला आधी सांगून ठेवलं तर तो बाजूला काढतो. ही पिसं तेलकट असतात. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवली नाहीत तर देठ धाग्याखालून हमखास निसटतो. वाळल्यावर पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये, म्हणजे कीड आणि तिची केसाळ अळी मरते. श्रावणात फ्रीजरमध्ये कोंबड्याची मान ठेवायची परवानगी कशी मिळवायची, ते ज्याने त्याने पाहावं.

बांधताना देठाचा तुकडा उघडा ठेवा, तीन-चार वेढ्यांनी धरा, मग तोच देठ मागे दुमडून त्यावर पुन्हा वेढे द्या. दुमडलेला देठ सरकत नाही. याहून टिकाऊ पद्धत स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्टने १८५७ साली सांगितली: पीस आणि धागा एकत्र पिळून दोन्ही सोबतच दांडीवर गुंडाळायचे. दाताने देठ एका जागी कापला तरी धागा त्याला धरून ठेवतो. दिसायला हॅकल थोडं विस्कटलेलं येतं. माशाला त्याचं काही नसतं.

मोरपिसाच्या अंगाचीही हीच गोष्ट. त्याचा एकेक तंतू फार ठिसूळ असतो. तीन-चार तंतू धाग्याबरोबर पिळून दोरी करा आणि मग गुंडाळा. वरून तांब्याची बारीक तार उलट्या दिशेने फिरवली की ती प्रत्येक वेढ्याला ओलांडून जाते आणि एक तंतू तुटला तरी बाकीचे उलगडत नाहीत. तार जळलेल्या छोट्या मोटारीतून निघते. ४० गेज, म्हणजे सुमारे ०.१२ मिलिमीटर, पुरेशी बारीक आहे. जरी वापरू नका. स्वस्त जरीत बहुधा धाग्यावर प्लास्टिकची चकाकी गुंडाळलेली असते, ती दोन माशांत सोलून निघते.

पिसांच्या बाबतीत कायदाही लक्षात ठेवा. आपोआप गळलेल्या मोरपिसांना देशात सूट आहे, पण ती परदेशी पाठवता येत नाहीत. तितर आणि रानकोंबडा यांची पिसं जुन्या विलायती याद्यांत पानोपानी सापडतात, आणि राखी रानकोंबडा तर आपल्या सह्याद्रीतला. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहेत. तितराऐवजी पाळीव गिनी कोंबडी किंवा ठिपकेदार गावठी कोंबडी चालते. रानकोंबड्याच्या मानेवरच्या त्या चकचकीत ठिपक्यांचा नाद सोडलेला बरा, ट्राउटच्या साध्या फ्लायना तो लागतही नाही.

वार्निश

पावसाळ्यात डोक्यावरचं वार्निश दुधाळ पांढरं पडतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि थरात अडकतं. तो थर कमजोर असतो. सुतारांकडचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून वापरत असाल तर तो जुनाही नको. विरघळवलेली लाख काही महिन्यांत, आणि उकाड्यात त्याहून लवकर, अशी होते की ती कधी कडक वाळतच नाही. चपड्याचे पापुद्रे कोरडे ठेवा आणि लागेल तेवढंच द्रावण करा. लावताना एसी चालू असेल तर उत्तम. नसेल तर लावून लगेच टेबललॅम्पखाली ठेवा. पांढरं पडलंच तर स्पिरिटमध्ये बुडवलेलं सुईचं टोक टेकवून पाहा, बऱ्याचदा निवळतं.

पण ज्यांनी सुटणाऱ्या डोक्यावर इलाज म्हणून वार्निशचा थेंब मोठा केला, त्यांच्यासाठी खास सूचना आहे. राळ स्पिरिटमध्ये विरघळते. मोठा थेंब डोक्यातून आत झिरपतो, वेढ्यांना धरून ठेवणारं मेण पातळ करतो आणि हॅकलच्या मुळापर्यंत जातो. म्हणजे घट्ट करायला घातलेलं वार्निशच वेढे सोडवतं. सुईच्या टोकावर येईल तेवढंच, तेही फक्त गाठीवर. ते पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. मेण नीट लागलेलं असेल तर चार-पाच वेढ्यांची व्हिप फिनिश एवढ्यावर आरामात टिकते. यंदाच्या पहिल्या तीन फ्लाय बांधून झाल्या की त्या रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी चिमट्यात धरून नख लावा, आणि तिन्ही पास झाल्या तरच त्या रिळाने आणि त्या मेणाने पुढची डझनभर बांधायला घ्या.